चमक दिसली म्हणजे जनुक गप्प झालं असं नाही

एसआयआरएनए म्हणजे ठरावीक जनुक गप्प करणारा आरएनएचा छोटा तुकडा; तो लिपिडच्या (मेदाच्या) सूक्ष्म कणांत भरून पेशींत पोचवतात. रंग लावलेला एसआयआरएनए पेशींत भरपूर दिसतो, तरी त्या जनुकाचं प्रथिन कमी का होत नाही, हा प्रश्न रास्त आहे. चमक ठिपक्याठिपक्यांची असेल तर माल एंडोसोममध्येच (पेशी बाहेरचा माल ज्या पिशवीतून आत घेते तिच्यात) अडकलाय. चांगल्या कणांतूनही जेमतेम 1-2 टक्के एसआयआरएनए बाहेर पेशीद्रवात सुटतो, आणि काम होतं ते तिथेच.

2018 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पाटिसिरान या एसआयआरएनए औषधाच्या कणांचं मिश्रण बघा: एमसी3 (आम्लात धनभारित होणारं लिपिड), कोलेस्टेरॉल, डीएसपीसी (एक फॉस्फोलिपिड), पेग-लिपिड (पेगची साखळी जोडलेलं लिपिड), मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येनुसार, 50 : 38.5 : 10 : 1.5. एमसी3चा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू धनभारित असतात तो) साधारण 6.4. म्हणून रक्तात कण जवळपास तटस्थ राहतो, एंडोसोमच्या आम्लात मात्र धनभारित होऊन पडदा विस्कटतो. सगळी किमया या एका आकड्यात आहे!

कण बनवताना एसआयआरएनए पीएच 4च्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), लिपिडं इथेनॉलमध्ये घ्या, आणि बफर व इथेनॉल 3:1 प्रमाणात झपाट्याने मिसळा. मग पीएच 7.4वर डायलिसिस (पडद्यातून इथेनॉल काढून टाकणं) लगेच. इथेनॉल राहिलं तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात.

चमकच नसेल तर पेशी ज्यात वाढवता ते माध्यम तपासा. त्यात सीरम (रक्ताचा द्रवभाग) नसेल तर एपोई (रक्तात लिपिड वाहणारं प्रथिन) मिळत नाही, आणि त्याशिवाय हे कण यकृतपेशींत नीट शिरत नाहीत. 1 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एपोई घालून बघा. आणि प्रथिन मोजण्याआधी, 24 तासांनी, एमआरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) मोजा. जुनं प्रथिन सावकाश संपतं.