दुसऱ्या राज्यात गेलेल्या सर्व्हेअरला पुन्हा परीक्षेला का बसवायचं?

रानजाई
नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही कोलोरॅडोहून टेक्सासला, सॅन अँटोनियोला आलो. मी ११ वर्षं परवानाधारक लँड सर्व्हेअर आहे. अमेरिकेत हा परवाना ज्या त्या राज्याचं बोर्ड देतं, पण त्यामागच्या दोन मोठ्या परीक्षा, एफएस (पायाभूत) आणि पीएस (व्यावसायिक), एनसीईईएस ही एकच संस्था देशभर घेते. त्या मी केव्हाच पास झाले आहे. तरी इथे पदवीचे कागद, अनुभवाचे दाखले, शिफारसपत्रं सगळं पहिल्यापासून, आणि वर टेक्सासची वेगळी परीक्षा. तोवर मोजणी मी करायची आणि नकाशावर सही दुसऱ्याची. ॲरिझोनाने २०१९ साली कायदाच केला: बाहेरच्या राज्यात किमान वर्षभर परवाना असेल, तक्रार नसेल आणि माणूस तिथे राहायला आला असेल, तर त्याचा परवाना मान्य करायचा. बाकीच्यांना हे का जमू नये?

सोनचाफा
अगदी पटलं. मी नर्स आहे. मीही कोलोरॅडोहूनच टेक्सासला आले. दोन्ही राज्यं नर्सिंग कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांचे नर्सचे परवाने मानायच्या करारात, असल्यामुळे जुन्या परवान्यावरच कामाला लागले, नवा नंतर सावकाश काढला. माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या कामात हे चालतं, मग जमिनीच्या कामात का नाही?

माळढोक
सोनचाफा, रुग्णाचं शरीर दोन्ही राज्यांत सारखंच असतं. जमिनीचं तसं नाही.

मी वीस वर्षं टेक्सासमध्ये हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोलोरॅडो म्हणजे चौकटीचं राज्य. सहा मैलांची टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकर. टेक्सास १८४५ मध्ये अमेरिकेत आलं ते स्वतःची सरकारी जमीन स्वतःकडे ठेवून, त्यामुळे संघराज्याची ती चौकट इथे कधी आलीच नाही. इथली कित्येक जुनी जमिनीची दानपत्रं स्पेन आणि मेक्सिकोच्या काळातली. मापं वारात (हे जुनं स्पॅनिश माप, आपला तीन फुटी वार नव्हे), आणि इथली वार ३३ इंच व वर एक तृतीयांश. 'नदीच्या काठापर्यंत', 'खूण केलेल्या पेकन झाडापर्यंत' अशी वर्णनं. झाड जाऊन शंभर वर्षं झालेली असतात, तरी ते कुठे होतं हे आपण ठरवायचं.

आमच्याकडे बाहेरून आलेल्या एका हुशार मुलाने दस्तातलं अंतर बरोबर मोजून खुंटी ठोकली. दस्तात मात्र 'ओढ्यापर्यंत' असं लिहिलेलं होतं. अंतर आणि ओढा जुळत नसतील तर सहसा ओढा धरायचा, अंतर सोडायचं. शेजाऱ्याचं कुंपण उखडायची वेळ आली होती. त्याचं यंत्र अचूकच होतं. चुकला तो कागद वाचण्यात.

आणि ॲरिझोनाच्या त्याच कायद्यात राज्याच्या कायद्यांवरची परीक्षा घ्यायची मुभा ठेवलेली आहे, तेही सांगायला हवं.

बांधावरचा
मी निवृत्त मोजणीदार, राहणार सातारा. माळढोक म्हणतात ते मला इथे बसून कळतं. तुमची वार ३३ इंची, आमच्याकडची जुनी साखळी ३३ फुटी. साखळी लांब, साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० झाले की एकर. हे आम्हाला तोंडपाठ. जुने मोडी कागदही वाचता येत. नोकरीत मला मराठवाड्यात पाठवलं तेव्हा समोर निजामाच्या वेळचे उर्दू कागद आले. राज्य तेच, खातं तेच, हुद्दा तोच, पण मला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. परीक्षा कोणी घेतली नाही. दुसऱ्याने वाचून सांगितलं त्यावर विसंबून मी एक हद्द कायम केली, ती चुकली. दोघे सख्खे भाऊ त्या धुऱ्यावरून कोर्टात गेले. मला अजून त्यांची तोंडं आठवतात. ताई, माझी कोणी आधी परीक्षा घेतली असती तर बरं झालं असतं.

सोनचाफा
काका, तुमचं मन कळतं. पण परीक्षा वेगळी आणि सहा-आठ महिने फाइल अडकवून ठेवणं वेगळं. तोवर या बाईने घर कसं चालवायचं?

माळढोक
हे मान्य. रानजाई, एनसीईईएसकडे स्वतःचं रेकॉर्ड उघडून ठेवता येतं. पदवी, अनुभव, शिफारसी एकदा तपासून घेतल्या की ते तिथूनच बोर्डाकडे पाठवतात. तसं काही केलं होतंत का?

रानजाई
नव्हतं केलं. त्या वेळी राज्य सोडेन असं वाटलंच नव्हतं. आता उघडायला घेतलं, तर सुरुवातीची चार वर्षं मी ज्यांच्या हाताखाली काढली ते साहेब हयात नाहीत. त्यांनीच मला शेतात उभं करून जुना दगड कसा ओळखायचा ते शिकवलं. त्या वर्षांवर सही कोण करणार?

काकांचं वाचून टेक्सासच्या परीक्षेबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेते. वार, दानपत्रं, ओढ्याचा नियम हे मला आलंच पाहिजे, बसते परीक्षेला. पण त्या चार वर्षांचं काम एका बोर्डाने दाखले बघून एकदा मान्य केलंय. दुसऱ्या बोर्डाने त्या पहिल्या बोर्डाकडून एक पत्र मागवावं. गेलेल्या माणसाची सही माझ्याकडे मागू नये. एवढ्यावर मी अजून ठाम आहे.