जेपेगची लायब्ररी ८०, हेडर ६२: सोबत आलेली कॉपी ठेवावी की काढावी?

म्हापसेकर:
वाचनालयातले जुने मराठी अंक स्कॅन करण्यासाठी एक सी प्रोग्रॅम सोर्सवरून बिल्ड करतोय. म्हापशाच्या डेबियन मशीनवर नीट चालतो. पणजीच्या उबुंटूवर तोच सोर्स बिनतक्रार कंपाइल होतो, लिंकही होतो, पण पहिलीच जेपेग उघडताना बंद पडतो: ‘राँग जेपेग लायब्ररी व्हर्जन: लायब्ररी इज ८०, कॉलर एक्स्पेक्ट्स ६२’. सोर्सच्या ‘थर्ड पार्टी’ फोल्डरात लिबजेपेग-टर्बोची (जेपेग वाचणारी लायब्ररी) कॉपी आहे. सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी करणारं साधन) सिस्टीमचीच लायब्ररी निवडलीय. ‘-आय’ (हेडर कुठे शोधायचं ते सांगणारा पर्याय) देऊन ‘/यूएसआर/इन्क्लूड’ सगळ्यात पुढे टाकून पाहिलं, काही फरक नाही. कंपायलर गप्प का राहतो?

फोंडा_रूट:
लायब्ररी सिस्टीमची लागलीय, हेडर (लायब्ररीतली फंक्शनं आणि स्ट्रक्चर कंपायलरला सांगणाऱ्या फाइली) मात्र सोबतची. लिंकर फक्त फंक्शनांची नावं जुळवतो आणि ती दोन्हीकडे सारखीच आहेत. फरक स्ट्रक्चरच्या आकारात आहे, तो लिंकरला दिसत नाही. लिबजेपेग निदान डीकंप्रेस सुरू करतानाच व्हर्जन आणि आकार तपासते. बऱ्याच लायब्रऱ्या हे तपासत नाहीत. तिथे प्रोग्रॅम चालू राहतो आणि मेमरी गुपचूप बिघडते. ते जास्त वाईट.

डेबियनवर चालतो तो योगायोगाने. दोन्हीकडे लिबजेपेग-टर्बोच आहे, पण डेबियन ती ६२ च्या एबीआयने (कंपाइल झालेल्या कोडमधली आपसातली मांडणी) बिल्ड करतं आणि उबुंटू ८ च्या, म्हणजे एररमधला ८०. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारं ‘एलडीडी’ चालवून बघा, उबुंटूवर ‘लिबजेपेग.एसओ.८’ दिसेल.

आता हेडर कुठून येतं ते. ‘मेक व्हर्बोज=१’ करून त्या फाइलची पूर्ण कमांड उचला, तिला कॅपिटल ‘-एच’ जोडा. जीसीसी प्रत्येक हेडरचा पूर्ण पाथ छापतो. अंदाज बांधत बसू नका, तिथे ‘थर्ड पार्टी’ दिसलं की चोर सापडला.

दक्षिणायन:
‘-आय’ का चालला नाही त्याचं कारण: तो फोल्डर मुळातच सिस्टीमच्या यादीत असेल तर जीसीसी तुमचा ‘-आय’ सोडून देतो आणि फोल्डर आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे शेवटी, शोधतो. म्हणून तो ‘-आयसिस्टीम’ने पुढे ढकलू नका. सी++ मध्ये लगेच ‘एसटीडीलिब.एच सापडत नाही’ म्हणून ओरड सुरू होईल, कारण त्या हेडरांची साखळी फोल्डरांच्या क्रमावर चालते.

म्हापसेकर:
‘-एच’ने दाखवलं, थर्ड पार्टीचंच ‘जेपेगलिब.एच’ होतं. ते उडवलं. आता हेडर ‘/यूएसआर/इन्क्लूड’मधून येतंय, तरी ६२ च!

फोंडा_रूट:
६२ हा आकडा ‘जेकॉन्फिग.एच’मध्ये असतो. सिस्टीमचं जेपेगलिब त्याला दुहेरी अवतरणात मागतं. अशा वेळी आधी त्याच फोल्डरात शोध होतो, पण उबुंटूवर जेकॉन्फिग तिथे नसतं, ते ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ या आतल्या फोल्डरात असतं. मग ‘-आय’चे फोल्डर पाहिले जातात आणि तुमची राहिलेली जुनी कॉपी हाताला लागते. अर्धं हेडर उबुंटूचं, अर्धं थर्ड पार्टीचं. जेपेगचा अख्खा फोल्डर काढा, ‘लिबजेपेग-डेव्ह’ टाका, बिल्ड फोल्डर पुसून सीमेक नव्याने चालवा. सीमेककॅशमध्ये जुने पाथ राहतात, नुसतं ‘मेक क्लीन’ करून ते जात नाहीत.

साळ_नदी:
सोबतची कॉपी नेहमीच चूक असते असं नाही. मूळ प्रोजेक्टने त्यात स्वतःचे पॅच (कोडमधले बदल) घातले असतील तर तीच घ्यावी, पण मग हेडर आणि लायब्ररी दोन्ही तिथलीच. स्टॅटिक लिंक करा (लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलीतच घाला) आणि ‘--एक्सक्लूड-लिब्स,ऑल’ लिंकरला द्या, म्हणजे तिची नावं बाहेर दिसणार नाहीत. नाहीतर दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने सिस्टीमची जेपेग ओढली की दोघांची टक्कर होते. पॅच नसतील तर माझं मत स्पष्ट आहे, काढून टाका. झेडलिबमधला मेमरीचा दोष २०२२ मध्ये १.२.१२ ने दुरुस्त झाला. सिस्टीमची झेडलिब वापरणाऱ्यांना तो एका अपडेटमध्ये मिळाला, आणि सोबतच्या कॉप्या मात्र एकेका प्रोजेक्टमध्ये शोधून बदलाव्या लागल्या.

म्हापसेकर:
फोल्डर काढला, सीमेक नव्याने चालवलं, आता दोन्ही मशीनवर चालतं. पॅच आहेत का हे कसं ओळखायचं?

साळ_नदी:
फोल्डरातल्या व्हर्जनचा मूळ टारबॉल (सोर्सची संग्रहित फाइल) उतरवा आणि ‘डिफ -आरयू’ लावा. फक्त बिल्डच्या फाइली वेगळ्या निघाल्या तर पॅच नाही. ‘.सी’ फाइलींत फरक दिसला तर गिट लॉगमध्ये तो कमिट काढून वाचा, मगच हात लावा.