नाकारलेले कास्टिंग (ओतीव भाग) पुन्हा भट्टीत जात असले, तरी नुकसान होतेच

भोसरीचा तपासनीस

काल येथे एका लघुउद्योजकांनी असे लिहिले की, गुणवत्ता व्यवस्थापनाची तत्त्वे ही मोठ्या कंपन्यांची चैन आहे. दहा-वीस यंत्रांच्या कारखान्याने माल वेळेवर काढावा, शेवटी एक माणूस तपासणीला बसवावा आणि जे वाईट निघेल ते बाजूला काढावे, कारण याहून जास्त खर्च केला तर उत्पादकता घटते आणि मिळालेला दर परवडत नाही. अनेकांनी त्यास दुजोरा दिला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

गुणवत्तातज्ज्ञ फायगेनबॉम यांनी १९५६ मध्ये गुणवत्तेच्या खर्चाची प्रतिबंध (दोष होऊच नये म्हणून), तपासणी आणि अपयश (दोष झाल्यावर) अशी जी वाटणी केली, ती येथे सर्वांना ठाऊक आहे. पोस्टकर्त्यांच्या हिशेबात मात्र पहिली दोनच खाती आहेत, कारण त्यांची बिले येतात. गेज (मोजमापाचे साधन) घेतला तर बिल येते, त्याच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे अचूकता तपासण्याचे, बिल येते, तपासनिसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. रीवर्कचे, म्हणजे बिघडलेला माल पुन्हा दुरुस्त करण्याचे, बिल कोणीही पाठवत नाही. ते शिफ्टच्या वेळेत, विजेत, इन्सर्टच्या (टूलच्या बदलत्या पात्यांच्या) खपात आणि ओव्हरटाइममध्ये मुरून जाते, आणि वर्षअखेरीस मालक म्हणतो की धंद्यात मार्जिन राहिले नाही.

एका जॉबवर (यंत्रावर घडवायच्या भागावर) पाच ऑपरेशने आहेत आणि प्रत्येक ऑपरेशनमध्ये १०० पैकी ९८ जॉब बरोबर निघतात, असे धरा. दोन टक्के रिजेक्शन ऐकायला बरे वाटते, पण पाचव्या ऑपरेशननंतर हातात ९० च जॉब उरतात. शेवटी बसवलेला तपासनीस उरलेले दहा फक्त बाजूला काढू शकतो. त्यांच्यावर खर्च झालेला यंत्राचा वेळ त्याला परत आणता येत नाही. पाचव्या ऑपरेशनला नाकारलेला जॉब आधीच्या चार यंत्रांचा वेळ घेऊन भंगारात जातो, आणि त्यांपैकी एखाद्या यंत्रावर माल तुंबत असेल, तर कारखान्याची विक्रीच तेवढ्याने कमी होते. त्यामुळे फर्स्ट पीस मंजुरी (पहिला नग तपासूनच पुढचे काढणे), टूल किती जॉबनंतर बदलायचा याचा नियम आणि मधल्या टप्प्यावरचा एक एअर गेज (हवेच्या दाबावर माप घेणारा) हा उत्पादन वाढवण्यासाठीचा खर्च आहे, असे माझे ठाम मत आहे. तपासणीवर विसंबून गुणवत्ता मिळत नाही, हे गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनी आग्रहाने सांगितले, त्याचेही कारण हेच आहे.

राहिला मोठ्या कंपन्यांचा मुद्दा. भारतात पहिले डेमिंग पारितोषिक (गुणवत्तेसाठीचा जपानचा पुरस्कार) १९९८ मध्ये सुंदरम क्लेटन यांना मिळाले आणि २००१ मध्ये सुंदरम ब्रेक लायनिंग्ज यांना. या दोन्ही कंपन्या गाड्या बनवत नाहीत, गाडी कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. पुरवठादाराला हे जमत नाही, या म्हणण्यास आधार नाही.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

आपण मशीन शॉपचा हिशेब मांडला आणि तो सर्वांना लावला. आमच्याकडे साच्याच्या वाळूची ओल, परमिअबिलिटी (वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता) आणि ताकद रोज तपासली जाते, पावसाळ्यात कोअर (भागातल्या पोकळीसाठी साच्यात ठेवलेले वाळूचे गाभे) दुसऱ्यांदा भाजले जातात आणि प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक वितळणीचा, नमुना स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) लावला जातो. तरीही ब्लो होल (वायूमुळे धातूत राहिलेले छिद्र) येतो आणि तो कातडीच्या आत असल्यामुळे ग्राहकाकडे फिनिश बोअर (भोकाचा शेवटचा कट) झाल्यावरच दिसतो. मग काय होते ते मी सांगतो, कारण हा अनुभव आमच्या पट्ट्यात सर्वांचा आहे. कास्टिंग आम्ही किलोवर विकतो. ग्राहक त्यावर आपल्या सगळ्या मशीनिंगचा खर्च चढवतो, पुढे उत्पादनाची लाइन थांबल्याची भरपाई म्हणून आकार लावतो आणि डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याची नोंद, पाठवतो. एका गाडी कंपनीच्या थेट पुरवठादाराने मला कास्टिंगच्या किमतीच्या कितीतरी पट डेबिट लावले आणि नाकारलेले तुकडे दाखवण्यासही नकार दिला. वर मागच्या बिलांचे पैसेही अडकवले.

आपण अपयशाचे खाते म्हणता, ते खाते असे वरून खाली ढकलले जाते आणि साखळीत जो सर्वांत दुबळा असतो त्याच्या नावावर लिहिले जाते. मी प्रतिबंधावर कितीही खर्च केला तरी डेबिट नोट किती रुपयांची यायची, हे समोरचाच ठरवतो. अशा व्यवहारात लहान कारखानदाराने गेज घ्यावा की रोख जवळ ठेवावी, याचे उत्तर मी रोख असेच देईन.

खरेदी खात्यातला

मी चाकणला खरेदी खात्यात काम करतो आणि हे वाचून मला राग आला, हे लपवत नाही. तुमचा कोअर ओला राहिला, तर त्याचा खर्च आमच्या कंपनीने का भरावा? आमच्या ऑपरेटरने दोन तास यंत्र चालवले, टूल झिजवला आणि शेवटच्या कटाला छिद्र उघडले. तो वेळ आम्हाला कोण परत देणार? डेबिटचे सूत्र पुरवठा करारात लिहिलेले असते आणि त्यावर तुमची सही असते. सही करताना ऑर्डर हवी असते आणि डेबिट आले की अन्याय आठवतो. तुमच्याच शेजारच्या फाउंड्रीकडून येणाऱ्या त्याच भागात आम्हाला हा दोष क्वचित दिसतो. तेव्हा सर्वांचा अनुभव असाच आहे, हे म्हणणे मागे घ्या.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

मागे घेणार नाही. सही ऑर्डरसाठी होते, कारण सही न करणाऱ्याला ऑर्डर मिळत नाही. गुणवत्ता व्यवस्थापनाचे आयएसओ ९००१ प्रमाणपत्र आमच्याकडून मागता. त्या प्रमाणपत्रामागची सात तत्त्वे तुम्हीही वाचा. सातवे तत्त्व संबंधितांशी, म्हणजे पुरवठादारांशीही, नाते सांभाळण्याचे आहे. केवळ किमतीच्या चिठ्ठीवर खरेदी करू नका, हे डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांपैकी एक आहे. दर वर्षी ठरावीक टक्के दरकपात मागणारे खरेदी खाते आम्हाला गुणवत्तेचे धडे देते, तेव्हा त्या धड्याला काय अर्थ राहतो?

कॉस्टचा हिशेबनीस

दोघांनीही कायदा बाजूला ठेवला आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ चे कलम १५ पाहावे. लेखी करार असेल तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत, आणि मालाबद्दल आक्षेप असेल तर माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत तो लेखी कळवला पाहिजे. तसा आक्षेप आला नाही, तर माल पोहोचला तोच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. उशीर झाल्यास कलम १६ प्रमाणे बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. त्यामुळे तीन महिन्यांनी सापडलेल्या ब्लो होलचे निमित्त करून बाकीच्या सगळ्या बिलांचे पैसे थांबवणे या कायद्याला धरून नाही.

मात्र फाउंड्रीवाल्यांनी याचा अर्थ आपल्या सोयीने लावू नये. ही स्वीकृती पैशांची मुदत मोजण्यासाठी आहे. आत दडलेल्या दोषाची जबाबदारी तिने संपत नाही आणि खरेदीदाराला नुकसानभरपाई मागता येते. किती, हा वेगळा वाद आहे.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

कायदा आम्हालाही माहीत आहे. थकलेल्या पैशांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे अर्ज करायचा म्हणजे त्या ग्राहकाची पुढची ऑर्डर सोडायची, हे आमच्या भागात लहान मुलालाही कळते. प्राप्तिकर कायद्यात ४३बी (एच) आले, तेव्हा मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा मिळणार नाही, म्हणून आम्हाला बरे वाटले होते. ते सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरते आहे, मध्यम उद्योगांना लागू नाही. मग काही ग्राहकांनी आमच्याकडे नोंदणीबद्दल चौकशी सुरू केली आणि ज्यांना हे कलम लागू होत नाही अशांकडे काम वळवण्याची भाषा केली. पैसा वेळेवर मिळाला असता, तर कोअरची नवी भट्टी मी केव्हाच घेतली असती. गुणवत्तेच्या खर्चाच्या तुमच्या तिन्ही खात्यांच्या आधी हे चौथे खाते लिहा.

खरेदी खात्यातला

बिले टीआरईडीएसवर, म्हणजे लहान उद्योगांची बिले वटवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, टाकता येतात. २०१८ मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची झाली आणि २०२४ मध्ये ती मर्यादा २५० कोटींवर आली. तेथे बिल वटवून पैसे आधी मिळतात आणि ग्राहकाशी भांडावेही लागत नाही. प्रत्येक दोषाचे खापर थकलेल्या बिलावर फोडणे बंद करा.

कॉस्टचा हिशेबनीस

नोंदणी सक्तीची आहे, पण खरेदीदाराने बिल मान्य केल्याशिवाय ते तेथे पुढे सरकत नाही. ज्या बिलावर डेबिटचा वाद आहे, ते मान्य होत नाही. म्हणजे फाउंड्रीवाल्यांचा जो प्रश्न आहे, नेमका तोच या व्यवस्थेबाहेर राहतो.

वाळूजचा ऑपरेटर

पैशांचे भांडण चालू द्या, पण जॉब ज्याच्या हातून जातो त्याच्याबद्दल येथे कोणी बोललेले नाही. मी यंत्रावर उभा राहतो. आमच्याकडे इन्सेंटिव्ह नगावर आहे आणि शिफ्टचे टार्गेट फळ्यावर लिहिलेले असते. ऑफसेट (यंत्रात भरलेले टूलचे माप) सरकला आहे असे वाटले तरी यंत्र थांबवणाऱ्याचे नग कमी भरतात, मग महिन्याचा पगार कमी होतो. शेजारी कंत्राटी मुलगा असतो. तो काम शिकतो तोवर त्याची मुदत संपते आणि नवा येतो. तपासणीच्या तक्त्यावर दर तासाला माप लिहायचे असते. ते शिफ्ट संपताना एकदम लिहिले जाते आणि सगळी मापे मर्यादेच्या बरोबर मध्ये येतात. ऑडिटर तो तक्ता पाहून समाधानी होतो.

बहुतेक दोष कामगारामुळे नव्हे तर व्यवस्थेमुळे होतात, असे डेमिंग यांचे मत होते आणि व्यवस्थेचा वाटा त्यांनी ९४ टक्क्यांच्या आसपास धरला होता. आमच्या कारखान्यात सूचनापेटी आहे, घोषणांचे फलक आहेत आणि प्रत्येक ८डी अहवालाच्या (दोषाचे कारण आणि उपाय लिहिण्याच्या ठरावीक अहवालाच्या) शेवटी कारण म्हणून ऑपरेटरचे दुर्लक्ष आणि उपाय म्हणून ऑपरेटरला प्रशिक्षण असे लिहिलेले असते. जपानमध्येही दबाव वाढला की हेच होते. कोबे स्टीलने ऑक्टोबर २०१७ मध्ये अॅल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाची आकडेवारी बदलल्याचे कबूल केले. ती कंपनी लहान नव्हती आणि तिच्याकडे गेजही कमी नव्हते.

भोसरीचा तपासनीस

ऑपरेटर म्हणतात ते खरे आहे आणि नगावरचा इन्सेंटिव्ह माझ्या मूळ म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. चांगल्या नगावर इन्सेंटिव्ह द्या आणि यंत्र थांबवल्याचा वेळ त्यातून वगळा, मग तक्ता खरा भरला जाईल. त्याला पैसे लागत नाहीत, मालकाची तयारी लागते.

आता फाउंड्रीवाल्यांना एकच प्रश्न विचारतो, कारण डेबिट नोटांच्या वादात तो हरवला. तुमच्याच कारखान्यात, माल बाहेर जाण्याआधी जे कास्टिंग नाकारले जाते, ते तुम्ही हिशेबात कितीला धरता? फाउंड्रीत नाकारलेला माल पुन्हा भट्टीत जातो आणि लोखंड परत मिळते, म्हणून बहुतेक मालक फक्त वितळवण्याची वीज नुकसान म्हणून धरतात. एक टन लोखंडाला ढोबळमानाने ६०० युनिट, म्हणजे १० किलोच्या कास्टिंगला ६ युनिट. सुमारे ५० रुपये. पण ते कास्टिंग १,००० रुपयांना विकले जाणार होते आणि परत आलेल्या धातूची किंमत ४०० रुपये आहे, असे समजा. भट्टी आणि मोल्डिंग लाइन पूर्ण वेळ भरलेली असेल, तर नुकसान ६०० रुपयांचे आहे. त्यात वाळू, कोअरचे रेझिन, मोल्डरचा (साचा करणाऱ्याचा) वेळ, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) आणि भट्टीतली जागा हे सगळे येते. दिवसाला अशी पाचच कास्टिंगे गेली, तरी २५ दिवसांच्या महिन्यात ७५,००० रुपये होतात. हा आकडा तुमच्या वहीत ६,२५० रुपये म्हणून दिसतो. कोअरची भट्टी परवडत नाही, हा निष्कर्ष तुम्ही या दुसऱ्या आकड्यावरून काढत आहात. यात कोणत्याही ग्राहकाचा हात नाही.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

५० रुपयांनी धरतो असे नाही, पण ६०० नेही धरत नाही, हे मान्य करतो. आमच्याकडे नाकारलेले कास्टिंग भंगाराच्या दराने साठ्यात जमा होते आणि त्यावर झालेली मजुरी कोठेच वेगळी लिहिली जात नाही. तुमचा हिशेब भट्टी भरलेली असतानाचा आहे. मंदीत भट्टी अर्धी रिकामी असते, तेव्हा तो लागू होत नाही, हेही तुम्ही मान्य करा. आणि डेबिटचा प्रश्न याने सुटलेला नाही.

भोसरीचा तपासनीस

मंदीत विक्री बुडत नाही, म्हणून ६०० चा आकडा खाली येतो, हे बरोबर. रेझिन, वीज आणि वाया गेलेली वाळू तेव्हाही जाते.

कॉस्टचा हिशेबनीस

दोन आकडे वेगळे ठेवावेत, एवढेच सुचवतो. भट्टी भरलेली असताना बुडालेली विक्री धरावी, नसताना प्रत्यक्ष झालेला खर्च. नाकारलेल्या कास्टिंगला भंगाराच्या दराने जमा करण्यापूर्वी फरकाची रक्कम रिजेक्शन या स्वतंत्र खात्यात टाका आणि ते दोषाच्या प्रकाराप्रमाणे फोडा: ब्लो होल, सँड इन्क्लूजन (धातूत अडकलेली वाळू), कोअर सरकणे. तीन-चार महिन्यांत कोणत्या कारणाला किती पैसे जातात ते कळेल आणि कोअरच्या भट्टीचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही.

खरेदी खात्यातला

माझ्या बाजूने एवढे म्हणेन की, नाकारलेले तुकडे न दाखवता लावलेले डेबिट चुकीचे आहे आणि आमच्याकडे तसे झाले तर मी ते थांबवतो. दोष पहिल्या रफ कटाला (सुरुवातीच्या जाड कापणीला) दिसत असताना ऑपरेटरने पुढची ऑपरेशने केली असतील, तर त्यांचे पैसे पुरवठादाराकडून घेऊ नयेत, हेही मला मान्य आहे. लाइन थांबल्याच्या आकारावर मात्र मी मागे हटणार नाही.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

रफ कटाचा हा मुद्दा पुढच्या करारात लेखी घाला, मग लाइनच्या आकारावर बोलू. हिशेबनीस साहेब, ते खाते दोषाप्रमाणे कसे फोडायचे, त्याचा एक नमुना येथे टाकता आला तर पाहावा.