आजोबांची टाकीजची जुनी वही सापडली, त्यातलं काही समजून नाही रायलं (सी.पी. बेरार, कार्बन, पेटी वगैरे)

खारपाणपट्टा:
राम राम मंडळी. घर पाडून नवीन बांधायचं काढलं म्हणून माळा रिकामा करत होतो तं टिनाच्या पेटीत आजोबांची एक वही सापडली, लाल कापडाची, लांबट, किराणा दुकानात असते तशी. आजोबा तालुक्याच्या टाकीजमध्ये आधी ऑपरेटर अन् मंग मॅनेजर होते एवढंच मला माहीत, मी सहा वर्षांचा असताना ते गेले. मालक म्हणजे एकच घर, तीन भाऊ, मोठे शेठ, मधले शेठ, लहाने शेठ. शेजारशेजारच्या तीन तालुक्यांत त्यांच्या तीन टाकीज आणि वरून एक तंबूची टूरिंग टाकीज. नाव मुद्दाम लिहीत नाही, नातवांच्या कोर्टकचेऱ्या अजून चालू आहेत अन् मला गावात राहायचं आहे.

वही १९७१ पासून आहे. दर पानावर वर "सी.पी. बेरार" लिहिलंय. आता सी.पी. अँड बेरारचं, म्हणजे मध्य प्रांत अन् वऱ्हाडचं, राज्य तं १९५६ लाच मोडलं ना, १ नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला, मंग आजोबा १९७१ मध्ये कोणत्या राज्यात बसून हिशेब लिहीत होते? दुसरं म्हणजे खर्चात "कार्बन" या नावाखाली चांगली मोठी रक्कम आहे, पगाराच्या खालोखाल. एवढा कार्बन पेपर कायले लागत असन टाकीजले? "एम.जी.", "एफ.एच." अन् "पर्सें." असं काहीतरी प्रत्येक पिक्चरसमोर आहे, तेही डोक्यावरून गेलं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे एकाच तारखेला एकच पेटी नंबर दोन गावांच्या पानावर दिसतो, पण दुसऱ्या गावाच्या पानावर फक्त पेन्सिलीनं. बाकी अख्खी वही शाईची. कोणाला या लाईनीची माहिती असेल तर सांगा.

खिडकीतला माणूस:
वही रद्दीत टाकू नका, आधी सांगून ठेवतो. मी अमरावतीला एका डिस्ट्रिब्युटरच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली त्यामुळे यातलं बरंच सांगू शकतो.

सी.पी. बेरार हे राज्य संपलं पण फिल्म लाईनीत ते आजही जिवंत आहे हो. पिक्चरचे हक्क राज्यावर नाही, सर्किटवर विकले जात. मुंबई सर्किट वेगळं, निजाम वेगळं (मराठवाडा त्याच्यात), सी.आय. (सेंट्रल इंडिया) वेगळं, राजस्थान वेगळं, आणि आपला विदर्भ, महाकोशल, छत्तीसगड मिळून सी.पी. बेरार. ब्रिटिशांच्या काळात जे नकाशे होते त्यावर ही वाटणी झाली आणि मग नकाशे बदलले तरी धंद्यानं आपला नकाशा बदलला नाही. म्हणजे पुण्याचा माणूस आणि आपण एका राज्यात, पण पिक्चरच्या बाबतीत आपलं घराणं जबलपूर, रायपूरचं. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्य ऑफिस भुसावळला, दुसरी ऑफिसं अमरावती, इंदूर, जयपूरला. आमच्या वेळेस तालुक्याचा टाकीजवाला सोमवारी मंगळवारी अमरावतीला उतरला की चार ऑफिसं हिंडून पुढचा पिक्चर ठरवूनच रात्रीच्या एस.टी.नं परत जायचा.

कार्बन म्हणजे कागद नाही, कांड्या. जुन्या प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसे, कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये ठिणगी पेटवायची, वेल्डिंगसारखा उजेड पडे, तोच पडद्यावर. कांडी जळत जाई तसं अंतर हातानं जमवत राहायचं नाहीतर पडदा पिवळा पडे आणि खालून शिट्ट्या सुरू. एकदोन रिळांनी कांडी बदलावी लागे, रोज दोन तीन शो म्हणजे हिशेब तुम्हीच करा. म्हणून ऑपरेटरची खोली उन्हाळ्यात, आपल्या मे महिन्यात, भट्टी असे. तुमच्या आजोबांच्या हाताला बारीक पांढरे डाग होते का हे वडिलांना विचारा.

आता एम.जी. म्हणजे मिनिमम गॅरंटी, चालो न चालो एवढे पैसे आधी मोजायचे, वर कमाई झाली तर हिस्सा. एफ.एच. म्हणजे फिक्स हायर, ठोक भाडं, जुन्या घासलेल्या पिक्चरला हेच. पर्सेंटेज म्हणजे कर वजा जाता जे उरेल त्यात वाटणी. यात गोम अशी की पर्सेंटेजवर पिक्चर दिला की आमचा माणूस, रिप्रेझेंटेटिव्ह म्हणत त्याला, पेटीसोबत (पेटी म्हणजे पिक्चरच्या रिळांची) जायचा, लॉजवर उतरायचा, रोज तिकिटं मोजून डी.सी.आर. लिहायचा, म्हणजे रोजच्या कलेक्शनचा कागद. मालक त्याला जेवू घाली, चांगलं जेवू घाली, हे वेगळं सांगायला नको.

आणि इथंच एका घराच्या तीन टाकीज असण्याचा खरा फायदा. एकटा टाकीजवाला आमच्यासमोर गरीब. तीन टाकीजचा मालक खुर्चीवर रेलून बोलायचा, की तिन्ही गावांत लावतो, पण एम.जी. एवढीच देईन आणि दिवाळीचा मोठा पिक्चरही मलाच पाहिजे. प्रिंटा मोजक्याच. आधी नागपूर अमरावती अकोल्यात पहिला रन, मग जिल्ह्याची गावं, मग तालुका, तालुक्यापर्यंत येईस्तोवर रिळावर पाऊस पडायचा (रेघा हो). तिथं ज्याच्या तीन टाकीज त्याचा नंबर चार हप्ते अलीकडे लागे.

पेन्सिलीचं मला कळलं आहे, पण आधी दुसऱ्या कोणी ओळखतं का पाहू.

पोट्टा अचलपूरचा:
अबे टूरिंग टाकीजची गोठ तं राह्यलीच. बहिरमच्या यात्रेत आमचा बुढा दरसाल नेत होता आमाले, पौषाची थंडी, हंडीतलं मटन अन् रोडगे खाऊन झाले का तंबूत. खाली बोरा हातरून बसाचं घरूनच नेलेला, बाया एकीकडे मानसं एकीकडे मधात कनात. प्रोजेक्टर एकच राये मनून रीळ सपलं का लाईट लागे अन् दुसरं चढोस्तोवर सारे बिड्या पेटोत. जनरेटर बाहेर धडधड करे तं डायलॉग अर्धे आयकूच नाय येत, कोनाले फरक नोता पडत. तंबूले लायसन कलेक्टरचं लागे अन् तेही तेवढ्याच दिवसाचं, मनून यात्रा सपली का गाडीत भरून दुसऱ्या यात्रेले. तुया वहीत बहिरम असनच, पाय पौष महिन्याचे पानं.

झाडीतला:
आमच्याकडे वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही भागात टाकीजवाल्यांचं गणितच वेगळं होतं. दिवाळी झाली की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि शंकरपटाच्या रात्री नाटक, पूर्ण रातभर, त्यामुळे त्या चार महिन्यांत टाकीजला रात्रीचा शो लावण्यात अर्थ नसायचा, माणूस नाटकालाच जाणार. विदर्भ म्हटलं की सगळे वऱ्हाडच धरतात म्हणून लिहिलं. धानाचे पैसे अन् कापसाचे पैसे वेगळ्या वेळेला येतात हेही ध्यानात घ्या वही वाचताना. बाकी वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं अजून जोरात आहेत, टाकीजचं विचारू नका.

सीताबर्डी ते कोथरूड:
पूर्ण धागा वाचला, मस्त. एका घराची टाकीज साखळी हा प्रकार भारतात फार जुना आहे हां. कलकत्त्याचे जमशेदजी मादन, पारशी माणूस, १९०२ मध्ये मैदानावर तंबूत बायोस्कोप दाखवायला लागले, १९०७ ला पक्कं थिएटर बांधलं आणि बघता बघता देशभर शंभराच्या वर थिएटरं त्यांच्या कंपनीकडे. १९२७-२८ ला सरकारनं रंगाचारी समिती नेमली होती तिच्यासमोर मादनच्या मक्तेदारीची तक्रार झाली होती. १९२३ ला म्हातारे गेले, पोरांनी चालवलं, आणि १९३१ ला बोलपट आला तसा दहा वर्षांच्या आत सगळा डोलारा गेला. तंबूपासून सुरुवात, मग पक्कं बांधकाम, मग पोरं. तुमच्या शेठ लोकांचं छोट्या प्रमाणात तेच दिसतंय.

माझं मत, टाकीज मारली टीव्हीनं. १९८२ ला रंगीत टीव्ही, मग गावोगावी व्हिडिओ पार्लर, १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण, आणि नंतर केबल. सरकारनंही २००१ मध्ये मल्टिप्लेक्सला पहिली ३ वर्षं करमणूक कर माफ केला, तालुक्याच्या पत्र्याच्या टाकीजला काय दिलं? नागपुरात आता चौकाचं नावच उरलं, व्हरायटी चौक म्हणतात, आणि आताच्या पोरांना वाटतं व्हरायटी म्हणजे कपड्याचं दुकान असेल.

खारपाणपट्टा:
सगळ्यांचे आभार, आणि अचलपूरचे भाऊ, बहिरम आहे! १९७३, ७४, ७६. त्यात खर्चात "कनात शिलाई" अन् "डिझल" अन् एके ठिकाणी "मटन, पोलीसपाटील व इतर" पण लिहिलंय.

हाताच्या डागांचं बाबांना विचारलं, होते म्हणाले, आम्हाला वाटायचं कोड आहे.

अजून एक दिसलं. नफ्याच्या बाजूला दरवर्षी कुठंतरी "चुकारा आला" किंवा "चुकारा नाही" असं लिहून त्याच्याखाली रेघ मारलेली आहे. आणि वहीची शेवटची पंधरावीस पानं, १९८८ ची, तीन वेगवेगळ्या अक्षरांत आहेत, आजोबांचं अक्षर त्यात नाहीच.

खिडकीतला माणूस:
चुकारा म्हणजे कापसाचा चुकारा, विकलेल्या कापसाचे पैसे, दुसरं काय. १९७२ ला सरकारची एकाधिकार खरेदी सुरू झाली, शेतकऱ्यानं कापूस केंद्रावर द्यायचा आणि पैसे हप्त्याहप्त्यानं. ज्या आठवड्यात चुकारा वाटला त्या आठवड्यात तालुक्याला हाऊसफुल्ल, पिक्चर कोणताही असो. चुकारा लांबला की मोठ्या नटाचा पिक्चरही रिकाम्या बाकड्यांना दाखवायचा. मुंबईच्या ऑफिसवाल्यांना हे समजावता समजावता आम्ही म्हातारे झालो, ते म्हणत पिक्चर सुपरहिट आहे मग तुमच्याकडे का नाही चालला. अहो त्या तालुक्यात अजून चुकारा नाही म्हणून नाही चालला.

सीताबर्डीवाल्या भाऊंचं टीव्हीबद्दल मला अर्धंच पटतं. टीव्ही सगळीकडे आला, पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की ज्या घरात एकी होती त्यांच्या टाकीज २००५ नंतरही चालल्या, सॅटेलाइटवाली डिजिटल मशीन बसवून चालल्या. बंद आधी पडल्या त्या हिस्सेवाटणीच्या. तीन अक्षरं म्हणता ना, ती वाटणी आहे. एका भावाला एक टाकीज. झालं, आता तिघंही आमच्यासमोर एकटेदुकटे. पहिल्याच हंगामात आम्ही तिघांना एकमेकांविरुद्ध खेळवलं, मोठ्याला सांगायचं लहाना जास्त देतो आहे आणि लहान्याला सांगायचं मोठा देतो आहे. चांगलं नव्हतं ते, पण ऑफिसात असंच चाले. एम.जी. दीडपट झाली आणि गिऱ्हाईक तेवढंच. त्यात टाकीज म्हणजे बाजारपेठेतली मोक्याची जागा, वाटणीत भाव तिचा लागला, धंद्याचा नाही. जागा विकायला गेलं तर नव्या बांधकामात छोटं का होईना थिएटर ठेवायची अट, मग ना विकता येई ना चालवता. पत्रे गंजत पडले.

पेन्सिलीचं कोणी सांगत नाही तर सांगतो. चोरीचा शो. पेटी एका टाकीजसाठी घेतलेली, भाडं एकाचं, आमचा माणूस पण त्याच गावी बसलेला. आणि तीच रिळं रात्री शेजारच्या गावी नेऊन तिथं दुसरा शो. डी.सी.आर. नाही, वाटा नाही. बरं, त्या गावी तिकिटंही बहुतेक पुन्हा फिरत असणार, दारावरचा माणूस न फाडता गोळा करून खिडकीवर परत देई, म्हणजे करमणूक करही नाही. आम्हाला अंदाज होता पण पकडायला रात्री अकरा वाजता कच्च्या रस्त्यानं कोण जाणार? पेन्सिलीनं लिहिलं म्हणजे तुमचे आजोबा मालकांशी इमानदार होते, हिशेब ठेवला पण खोडता येईल असा ठेवला.

सीताबर्डी ते कोथरूड:
हा हा, म्हणजे पायरसी आपल्याकडे आधीपासून होती, फक्त सायकलवर.

खारपाणपट्टा:
सायकलवरच!! आत्ता बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. आधी काही बोलले नाहीत, मग हसायला लागले. रिळं न्यायला तेच जायचे म्हणाले, चौदा वर्षांचे असताना. आमच्या गावी सहाचा शो, साडेसातला इंटरव्हल झाला की पहिल्या भागाचे आठ डबे पोत्यात घालून सायकलच्या कॅरेजवर बांधायचे आणि चौदा किलोमीटर, तिकडे नऊचा शो. दुसऱ्या भागाचे डबे नवाला इकडे सुटले की मधल्या शेठचा ड्रायव्हर राजदूतवर घेऊन यायचा, तिकडचा इंटरव्हल व्हायच्या आत. एकदा राजदूत पंक्चर झाली तं पब्लिकनं पाऊण तास इंटरव्हल केला, शेंगदाणेवाल्याची चांदी झाली. बाबा रात्री तिकडेच ऑपरेटरच्या खोलीत झोपायचे अन् सकाळी पहिल्या एस.टी.नं सायकल टपावर टाकून परत, शाळेला दांडी.

म्हणजे इकडे पहिला अर्धा बघायचा, तिकडे जाऊन पुन्हा तोच पहिला अर्धा, अन् दुसरा भाग लागेस्तोवर झोप. त्या दोनतीन वर्षांतले सगळे पिक्चर बाबांनी इंटरव्हलपर्यंतच पाहिलेत, दोनदोनदा. शेवट काय झाला ते नंतर टीव्हीवर समजलं म्हणतात, काही तर अजून राहिलेत.

रविवारी वहीची पानं फोटो काढून टाकतो. पेन्सिलीची पानं उन्हात फिकी पडली आहेत, कोणाला मोबाईलवर ती उजळ करायची युक्ती माहीत असेल तर सांगा.