पानफुटीच्या पानांवरचे डाग: झाड कोणते आणि रोग कोणता?

प्रश्न (गच्चीवरची बाग, अमळनेर)

नमस्कार. आमच्या गच्चीवर दोन कुंड्यांत मांसल पानांची दोन झाडे आहेत. घरात दोन्हींना पानफुटीच म्हणतात, पण मला ती एकाच जातीची वाटत नाहीत. पहिले झाड नणंदबाईंनी चार वर्षांपूर्वी शहाद्याहून आणले, तेही ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या एकाच पानाच्या रूपात. आता ते कमरेएवढे झाले आहे. त्याची खालची पाने एकेकटी आहेत, वरच्या भागात मात्र एका देठावर तीन ते पाच पर्णिका दिसतात आणि पानांच्या गोलसर खाचांची कड जांभळट असते. दुसरे झाड आम्ही लावलेलेच नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या जास्वंदीच्या कुंडीत ते आपोआप उगवले. त्याची पाने लांबट व टोकदार असून कडा होडीसारख्या वर वळलेल्या आहेत, खालच्या बाजूला गडद जांभळे पट्टे आहेत आणि पान झाडावर असतानाच त्याच्या कडेने इवल्या रोपट्यांची झालर लागते.

पोळ्याच्या आधी आठवडाभर झड लागली होती. त्यानंतर पहिल्या झाडाच्या बऱ्याच पानांवर पाणी भरल्यासारखे फिकट चट्टे आले, त्यांत मोहरीहूनही बारीक काळे दाणे दिसतात आणि पुढे ती पाने वाळून कागदासारखी होतात. याशिवाय भिंतीच्या पश्चिमेकडील पानांवर तांबूस, कोरडे डाग मे महिन्यापासूनच आहेत. मी कृषी केंद्रातून कॉपर ऑक्सिक्लोराइड आणून दोन वेळा फवारले. पाने तेवढी निळसर झाली, चट्टे मात्र वाढतच आहेत. हा करपा आहे का? आणखी एक शंका अशी, की शेजारच्या काकू मुतखड्यावर उपाय म्हणून दोन्ही कुंड्यांतील पाने सकाळी नेतात. सकाळचे पान आंबट लागते, म्हणून ते अधिक गुणकारी, असे त्यांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, चाळीसगाव)

ताई, आपला संशय बरोबर आहे. पहिले झाड खरी पानफुटी, म्हणजे कलांचो पिन्नाटा. जुन्या पुस्तकांत तिचे नाव ब्रायोफायलम असे आढळते. शाळेत पानांपासून होणाऱ्या शाकीय प्रजननाचे उदाहरण म्हणून आम्ही हीच दाखवत असू. वरच्या पानांच्या पर्णिका ही तिची ठळक खूण आहे. शिवाय तिला रोपे फुटतात ती बहुधा पान गळून मातीवर पडल्यानंतर, तर आपल्या दुसऱ्या झाडाला ती झाडावरच फुटतात. ते झाड कलांचो डेग्रेमोंटियाना किंवा त्याचा संकर कलांचो हाउटनी असावे. पानाचा बुडखा रुंद असून कानासारखा पसरलेला असेल तर पहिले नाव, आणि पान अरुंद होत देठाकडे निमुळते झाले असेल तर दुसरे, असे ढोबळमानाने समजावे. पट्टे मात्र दोन्हींच्या अंगचेच असतात. त्यांना रोग समजून फवारणी करू नये.

आंबट चवीचे कारण औषधी गुणात नाही. ही झाडे रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात व तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा ते आम्ल वापरले जाते आणि दुपारपर्यंत चव बेतास बात होते. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतातच पानफुटीची पाने चावून पाहून हे नोंदवले होते व त्यांचे टिपण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. (आपण मात्र त्यांचे अनुकरण करू नये.) या गटातील झाडांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ब्यूफॅडिएनोलाइड नावाची द्रव्ये असतात, आणि ऑस्ट्रेलियात अशी झाडे खाल्ल्याने गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. दुसऱ्या झाडाचे पान तर कोणीही पोटात घेऊ नये. काकूंना मुतखड्यासाठी डॉक्टरांकडे पाठवावे, विशेषतः त्या हृदयाची किंवा रक्तदाबाची औषधे घेत असतील तर आजच.

उत्तर २ (शिरपूर)

झाडाची ओळख वरच्या उत्तरात झाली आहेच, म्हणून मी डागांपुरते लिहितो. ज्याला आपण करपा म्हणत आहात तो बुरशीचा रोग नसावा. बुरशीचा डाग सहसा तपकिरी असतो, त्याच्याभोवती पिवळी कड दिसते आणि त्याच्या आत पोकळी नसते. आपल्या वर्णनातील फिकट फुगीर चट्टा आणि आतले काळे दाणे यांवरून पानाचा गर कोणीतरी आतून खात आहे आणि विष्ठा तिथेच सोडत आहे, असे दिसते. पानफुटीवर हे काम बहुधा रेड पिअरो या फुलपाखराची अळी करते. हे फुलपाखरू लहान असते, वरून काळे, मागच्या पंखांवर केशरी-लाल पट्टा आणि खालून पांढऱ्यावर काळे ठिपके; ते कुंड्यांच्या आसपास जमिनीलगत रेंगाळत उडते. अळी अंड्यातून निघाल्यावर पानात शिरते आणि वरच्या व खालच्या सालीच्या मधला गर खाते. त्यामुळे वरून फवारलेले बुरशीनाशक तिच्यापर्यंत पोहोचत नाही; पोहोचले तरी ते बुरशीवरचे औषध आहे. एक चट्टा पडलेले पान तोडून सूर्यासमोर धरा, म्हणजे शंका राहणार नाही.

पश्चिमेकडील तांबूस डाग वेगळे आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो आणि भिंतीची धग त्यात भर घालते. ते उन्हाने भाजलेले डाग असावेत. असे डाग पसरत नाहीत, पण भरूनही येत नाहीत. नवी पालवी स्वच्छ येते की नाही, तेवढे पाहावे. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी शेडनेटची सावली द्यावी. नुसत्या काळ्या मातीत कुंडी भरली असेल, तर झडीत मुळे कुजू नयेत म्हणून तीत वाळू व बारीक खडी मिसळावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर (अमळनेर)

आज सकाळी आठ वाजता पान सूर्यासमोर धरले. सालीच्या आत तांदळाच्या कणीएवढी, फिकट पांढरी अळी हळूहळू सरकताना दिसली. तिच्या मागे काळ्या दाण्यांची ओळ होती. दुसऱ्या एका पानाला खाली गोल भोक होते, आतला भाग रिकामा होता आणि शेजारच्या खोडाला केसाळ कोष चिकटलेला होता. दुसऱ्या झाडाचे पान देठाकडे निमुळते आहे, म्हणजे ते संकरित असावे. आता या अळ्यांचे काय करावे?

उत्तर ३ (शिरपूर)

झाड जोमदार असेल तर काहीही करू नये, असे माझे मत आहे. पाऊस ओसरल्यावर पानफुटी नवी पाने काढते आणि फुलपाखरेही पाहायला मिळतात. झाड अगदीच उघडे पडत असेल, तर चट्टे पडलेली पाने खुडून दूर टाकावीत आणि उरलेल्या झाडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधावा. खुडलेली पाने शेणखताच्या खड्ड्यात मात्र टाकू नयेत, तिथे ती रुजतात. दुसऱ्या झाडाची झडलेली रोपटी तर झाडूने गोळा करून उन्हात पूर्ण वाळवावीत, नाहीतर ती गच्चीच्या नळीतून खाली शेजाऱ्यांच्या बकऱ्यांपर्यंत पोहोचतील.

प्रश्नकर्तीचे उत्तर (अमळनेर)

तीन पाने खुडली, कोष तसाच ठेवला. दुसरी कुंडी वेगळ्या कोपऱ्यात ताटात ठेवली आहे, म्हणजे रोपटी त्यातच पडतील. काकूंना ब्यूफॅडिएनोलाइड हा शब्द सांगता येईना, म्हणून बकऱ्यांचे उदाहरण दिले. ते त्यांना लगेच पटले.