गवती चहा, मोगरा आणि संत्र्याची साल: एकाच भांड्यात तिन्हींचं तेल निघेल का?

प्रश्न

दहा लिटरचं स्टीलचं भांडं, आत जाळी, झाकणातून निघालेली तांब्याची नळी आणि थंड पाण्यातून जाणारं वेटोळं अशी वाफेने तेल काढायची जुळणी तयार आहे. अरोमाथेरपीसाठी गवती चहा, मोगरा आणि संत्र्याची साल या तिन्हींचं सुगंधी तेल काढायचं आहे. तिन्हींना हीच पद्धत चालेल का? किती माल, किती पाणी, किती वेळ?

प्रतिसाद १

गवती चहापासूनच सुरुवात करा, या जुळणीला तो अगदी योग्य आहे. कापलेली पाती एक दिवस सावलीत सुकू द्या. पाणी कमी झाल्याने भांड्यात माल जास्त मावतो. मग तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करा. तळाशी तीन लिटर पाणी, त्याच्या वर किमान पाच सेंटिमीटरवर जाळी आणि जाळीवर सुमारे दीड किलो माल. पाती उकळत्या पाण्यात बुडाली किंवा तळाला टेकली की तेलाला करपट, शिजल्यासारखा वास येतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही.

माल सगळीकडे सारखा दाबा. एका बाजूला सैल राहिला तर वाफ तिथूनच निघून जाते आणि बाकीची पाती कोरडीच राहतात. वर चार बोटं जागा सोडा, नाहीतर पाती फुगून नळीचं तोंड बंद करतील. हे धोक्याचं आहे: नळी तुंबली की भांड्यात दाब चढतो. झाकणाची फट कणकेने बंद करा. जास्त दाब झाला तर कणीक आधी सुटते, म्हणून झाकण क्लॅम्पने आवळू नका.

पहिला थेंब पडला की आच कमी करा. मिनिटाला पंधरा-वीस मिली पाणी पडलं पाहिजे आणि ते हाताला कोमट लागावं. गरम पडत असेल तर वेटोळ्यातलं पाणी बदला, कारण तेल वाफेबरोबर हवेत उडतंय. दीड तास पुरतो. ताज्या मालाच्या वजनाच्या ०.३ ते ०.४ टक्के तेल मिळालं तरी चांगलं, म्हणजे साधारण चार ते सहा मिली. कमी वाटेल, पण प्रमाण तेवढंच असतं.

प्रतिसाद २

मोगरा या भांड्यात घालू नका. फूल तोडल्यावरही बराच वेळ सुगंध तयार करत राहतं. वाफ लागली की ते काम तिथेच थांबतं, नाजूक घटक बिघडतात आणि हाती येतं ते उकडलेल्या फुलांच्या वासाचं पाणी. कारखान्यात मोगऱ्यासाठी हेक्झेनसारखं द्रावक वापरतात. त्यातून आधी मेणासारखा ‘काँक्रीट’ मिळतो, तो अल्कोहोलमध्ये विरघळवून, गारठवून, मेण गाळून ‘ॲब्सोल्यूट’ काढतात. हेक्झेन घरात आणूच नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते.

घरी जमण्यासारखी पद्धत म्हणजे चरबीत सुगंध मुरवणं. वास काढून टाकलेलं, गोठलेलं खोबरेल तेल काचेच्या ताटात अर्धा सेंटिमीटर जाड पसरा. संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या, दवाचा किंवा पाण्याचा थेंबही नसताना, त्यावर मांडा आणि झाका. खोली २० अंशांच्या आसपास ठेवा, कारण २४-२५ अंशांना हे तेल वितळतं. चोवीस तासांनी, फुलं तपकिरी पडायच्या आत, ती उचलून नवी मांडा. असं किमान दहा-पंधरा वेळा. ओल राहिली तर बुरशी धरते आणि सगळं ताट वाया जातं. तयार झालेलं तेल मालिशसाठी तसंच वापरता येतं, त्यातून अल्कोहोलने अर्क वेगळा काढायचा खटाटोप थोड्या मालासाठी करण्याजोगा नाही.

प्रतिसाद ३

संत्र्याचं तेल सालीच्या रंगीत थरातल्या पिशव्यांत असतं. कारखान्यात त्या थंड स्थितीतच फोडतात आणि सेंट्रिफ्यूजने, म्हणजे वेगाने फिरवणाऱ्या यंत्राने, तेल वेगळं करतात. घरी हाताने पिळलं तर सालीतल्या पेक्टिन या चिकट पदार्थामुळे दुधाळ मिश्रण होतं आणि तेल सुटत नाही. तुमच्या भांड्यात पांढरा भाग टाळून किसलेली साल घालून वाफेनेच काढा. वास दाबून काढलेल्या तेलाइतका ताजा नसतो, हे मान्य.

एक महत्त्वाचं: लिंबू आणि बर्गामोट (लिंबाच्याच कुळातलं एक फळ) यांच्या थंड दाबाने काढलेल्या तेलात फ्युरानोकुमारिन नावाचे घटक राहतात. असं तेल त्वचेवर लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात. वाफेने काढताना हे जड घटक मागेच राहतात.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. मग तेल पाण्यातून वेगळं कसं करायचं? आणि लवंग घेतली तर?

प्रतिसाद १

गवती चहाचं तेल पाण्यावर तरंगतं. अरुंद बाटलीत रात्रभर ठेवा आणि वरचा थर ड्रॉपरने घ्या. तेलात पाण्याचा अंश उरला तर बाटली फ्रीझरमध्ये ठेवा: पाणी गोठतं, तेल ओतून घेता येतं. मग गडद काचेच्या, गळ्यापर्यंत भरतील अशा छोट्या बाटल्यांत भरा. अर्धी रिकामी बाटली ठेवली तर हवेने सिट्रल (या तेलातला मुख्य सुगंधी घटक) खराब होतं आणि असं जुनं तेल त्वचेला झोंबतं. त्वचेसाठी ३० मिली वाहक तेलात (ज्यात सुगंधी तेल पातळ करतात त्या साध्या तेलात) सहा थेंबांवर जाऊ नका.

लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं, तळाशी बसतं. वरचा थर शोधत बसलात तर तेल नाहीच असं वाटून पाण्याबरोबर ओतून द्याल. तळाला तोटी असलेलं भांडं लावा आणि तेल खालून काढा.