मदत हवी आहे: वकिलांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं, अपिलाची मुदत संपत आलीय
धाकट्या भावाला शिवाजीनगर सत्र न्यायालयात ५ वर्षांची शिक्षा झाली, सध्या येरवड्यात आहे. हायकोर्टात अपिलाला ६० दिवस, त्यातले ४३ गेले. वकील काल म्हणाले, "मला जमणार नाही, दुसरा बघा." फी मात्र आधीच घेतलेली! निकालाची मोफत प्रत भावाकडे आहे. साक्षीपुराव्याची फाईल वकिलांच्याच कपाटात, लाल दोरीत बांधलेली.

निकालाची नक्कल (कोर्टाची प्रमाणित प्रत) मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळतात ना? आधी निकालाच्या प्रतीवरच अपील आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज टाकून बाकीचे कागद मागाहून देता येतात का? उशीर झालाच तर विलंबमाफीला 'वकील सोडून गेले' हे कारण पुरतं का? तुरुंगातूनच अपील पाठवावं, की मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं? कुणी यातून गेलंय का? आई जेवत नाहीये.